वेदना शमविणें हें पाप आहे काय?

आमच्या मुक्ताईनगर तालुक्यांतील व आसपासच्या खेड्यांतील मंडळ्यांतून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. तो असा कीं, ज्याच्या देहांत असह्य वेदना आहेत अशा ख्रिस्ती मनुष्यानें डॉक्टरानें दिलेलें अफूच्या जातीचें औषध, म्हणजे मॉर्फिन, घ्यावें कीं घेऊं नये? तें घेणें हा विश्वासाचा उणेपणा होय काय? किंवा त्याहून वाईट, तें व्यसनास घरांत जागा देणें होय काय? प्रश्न दिसावयास लहान आहे, परंतु ज्या घरीं कोणी कर्करोगानें अंथरुणास खिळलें आहे त्या घरीं तो रात्रंदिवस उंबऱ्यावर उभा असतो. तंबाखू व गुटखा ह्यांच्या पायीं तोंडाच्या कर्करोगानें पिडलेले लोक आमच्या भागांत थोडे नाहींत. यास्तव शास्त्र पुढें ठेवून, आणि देवानें निर्माण केलेल्या ह्या देहाच्या रचनेविषयीं जें ज्ञान मनुष्यांस प्राप्त झालें आहे तेंही पुढें ठेवून, आपण ह्या प्रश्नाचा शांतपणें विचार करूं या.

ही शंका बंधूंच्या मनांत उगाच आलेली नाहीं. तिचीं मुळें दोन आहेत. पहिलें मूळ अफूच्या दुष्कीर्तींत आहे. सातपुड्याच्या उत्तरेस माळव्याची भूमि आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथील अफू मुंबई बंदरांतून जहाजें भरभरून चीन देशास जात असे. त्या व्यापारानें इकडे कित्येकांचे वाडे उभे राहिले, आणि तिकडे लाखों संसार धुळीस मिळाले. ह्या अन्यायाविरुद्ध अनेक ख्रिस्ती लोकांनीं पुष्कळ वर्षें आवाज उठविला. १८९३ सालीं सरकारनें ह्या बाबतींत रॉयल कमिशन नेमिलें, परंतु १८९५ सालच्या त्याच्या अहवालानें बहुतांशीं चालत्या व्यवस्थेचाच पक्ष घेतला; आणि हिंदुस्थानांतून चीनकडे जाणारी ती अफू बंद होण्यास १९१३ साल उजाडावें लागलें. इकडे आमच्याच लोकांत काय होत होतें? मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या गरीब आया तान्ह्या लेंकरांस निजवून ठेवण्यासाठीं अफू घातलेली बाळागोळी देत असत. हें सर्व जाणून आमच्या वडिलांनीं अफूस सर्पाप्रमाणें लेखिलें असेल, तर त्यांत त्यांचें कांहीं चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं.

दुसरें मूळ शुभवर्तमानांत आहे. मत्तय २७:३४ आणि मार्क १५:२३ येथें आपण वाचतों कीं, प्रभूस वधस्तंभावर खिळण्याच्या वेळीं कांहीं मिसळलेला द्राक्षारस त्यास देऊं केला, परंतु त्यानें तो घेतला नाहीं. मार्क त्यांत बोळ मिसळला होता असें सांगतो. असें पेय वेदना बधिर करण्यासाठीं असे. तेव्हां कित्येक भाविक बंधु म्हणतात, ‘स्वामीनें जें नाकारिलें तें सेवकानें कसें घ्यावें?’ हा विचार श्रद्धेंतून आला आहे. म्हणून त्यास हंसून उत्तर देऊं नये, विचार करून द्यावें.

प्रथम हें औषध देहांत काय करितें तें पाहूं. आपल्या भागांतील बंधूंस केळीच्या बागेस पाणी देणें ठाऊकच आहे. विहिरीचें पाणी पाटानें येतें, पाटांतून वाफ्यांत शिरतें, आणि जो मनुष्य दारें धरितो तो मातीचें ढेकूळ टाकून एका वाफ्याचें तोंड बंद करितो व दुसऱ्याचें उघडितो. तोंड बंद झालें म्हणून विहीर आटली असें नव्हे. पाणी आहेच, परंतु तें त्या वाफ्यांत जात नाहीं. देहांतील दुखण्याचेंही असेंच आहे. जखम किंवा गांठ ही विहीर होय. तेथून ज्ञानतंतूंच्या पाटानें निरोप निघतो, तो पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपर्यंत येतो, आणि तेथून मेंदूकडे चढतो. मेंदूस निरोप पोंचला म्हणजे आपण म्हणतों, ‘दुखतें.’ मॉर्फिन विहीर बुजवीत नाहीं. तें दारें धरितें.

तें दारें कसें धरितें हेंही आतां पुष्कळ कळलें आहे. एक ज्ञानतंतु जेथें संपतो तेथें तो कांहीं द्रव्यें सोडून पुढच्या तंतूस निरोप देतो. त्या टोकांवर सूक्ष्म कुलुपें आहेत. मॉर्फिन हें त्या कुलुपांत बरोबर बसणाऱ्या किल्लीसारखें आहे. किल्ली बसली म्हणजे निरोप देणारीं द्रव्यें कमी सुटतात, आणि पुढचा तंतूही सहज चेतत नाहीं. दुसरें असें कीं, मेंदूच्या बुडाशीं एक भाग आहे. तेथून खालीं मज्जारज्जूकडे ‘हा निरोप आंवर’ असा हुकूम जातो. मॉर्फिनामुळें तो हुकूमही जोराचा होतो. तिसरी गोष्ट सर्वांत विचार करण्याजोगी आहे. मेंदूच्या ज्या भागांत दुःखाची तळमळ उत्पन्न होते तेथेंही हीं कुलुपें आहेत. म्हणून कित्येक रोगी औषध घेतल्यावर म्हणतात, ‘दुखणें आहे, पण तें आतां मला खात नाहीं.’ ह्यावरून दिसतें कीं, देहाची वेदना आणि तिच्यामुळें जिवास होणारा जाच हीं दोन आहेत, आणि पहिली थोडी उरली तरी दुसरा पुष्कळ हलका होऊं शकतो.

आतां कोणी विचारील, खसखशीच्या बोंडांतील चिकास बसणारें कुलूप मनुष्याच्या मेंदूंत कशाला? ह्याचा शोध लागण्यास फार काळ लागला. १८०५ च्या सुमारास जर्मनी देशांतील झेर्ट्युर्नर नांवाच्या एका तरुण औषध करणाऱ्यानें अफूंतून तिचें मुख्य सत्त्व निराळें काढिलें. त्यासच पुढें मॉर्फिन हें नांव मिळालें. परंतु हीं कुलुपें देहांत खरोखर आहेत हें १९७३ सालीं अमेरिकेंतील व स्वीडनांतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें. पुढें १९७५ सालीं स्कॉटलंडांतील आबर्डीन येथें ह्यूज व कोस्टरलिट्झ ह्या दोघांनीं सिद्ध केलें कीं, त्या कुलुपांच्या किल्ल्या देह स्वतःच तयार करितो. म्हणजे निर्माणकर्त्यानें देहांत वेदना कळविणारा निरोप्या ठेविला, तसाच तिला आंवर घालणाराही ठेविला. वेदना ही उपयोगाची पहारेकरीण आहे. हात विस्तवावर पडतांच ती हांक मारिते. परंतु घरधनी जागा झाल्यावरही जी पहारेकरीण रात्रभर ओरडतच राहते तिच्या ओरडण्यानें घराचें रक्षण होत नाहीं. जो डॉक्टर कर्करोगाच्या रोग्यास मॉर्फिन देतो, तो देवाच्या रचनेविरुद्ध कांहीं करीत नाहीं; त्या रचनेंत जो दरवाजा आधींच आहे तोच तो लाविता होतो.

तथापि हीच कुलुपें देहांत इतर ठिकाणींही आहेत, हें विसरूं नये. तीं आंतड्यांत आहेत, म्हणून शौचास घट्ट होतें. श्वास चालविणाऱ्या मेंदूच्या भागांत आहेत, म्हणून मात्रा भलतीच वाढली तर श्वास मंदावून मनुष्य मरूं शकतो. आणि सुख वाटणाऱ्या भागावरही त्यांचा परिणाम होतो, म्हणून व्यसन लागतें. अमेरिकेंत १९९० नंतरच्या दशकांत अशीं औषधें कंपन्यांच्या लोभामुळें व डॉक्टरांच्या हयगयीमुळें साध्या दुखण्यांसही सढळ हातानें देण्यांत आलीं, आणि तेथून सुरू झालेल्या अनर्थांत पुढें कित्येक लक्ष माणसें मेलीं. ह्यासाठीं कंबरेच्या जुन्या दुखण्यास किंवा थकव्यास हें औषध मागूं नये. तें ज्या वेदनेसाठीं आहे ती वेदना निराळी आहे.

आतां शास्त्राकडे वळूं. पूर्वींही असाच वाद एकदा झाला होता. १८४७ सालीं एडिंबरो येथील डॉक्टर जेम्स सिम्सन ह्यांनीं प्रसूतीच्या वेळीं क्लोरोफॉर्म देण्यास आरंभ केला, तेव्हां कांहींनीं उत्पत्ति ३:१६ पुढें करून आक्षेप घेतला कीं, स्त्रीच्या प्रसूतिवेदना हा देवानें लाविलेला दंड असून तो हलका करण्याचा अधिकार मनुष्यास नाहीं. सिम्सनांनीं त्यास लेखी उत्तर दिलें. त्यांनीं उत्पत्ति २:२१ कडे बोट दाखविलें: आदामाची फांसळी काढण्यापूर्वीं देवानें स्वतः त्यास गाढ निद्रा आणिली. आणि पुरुषांस सांगितलेल्या शापाचें काय? भूमीवर कांटे उगवतील असें म्हटलें आहे, म्हणून आमच्यापैकीं कोणी शेतांतील तण निंदावयाचें सोडीत नाहीं. मग स्त्रीच्या वांट्याचा शाप तेवढा जसाच्या तसा राखणें हा न्याय कसला?

शास्त्रांत औषधाचा निषेध नाहीं. हिज्कीयाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावण्यास यशयानेंच सांगितलें. चांगल्या शोमरोन्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतिला. प्रार्थना करून तो पुढें गेला नाहीं. नीतिसूत्रें ३१:६ येथें तर मरणाच्या दारीं असलेल्यास मद्य देण्याविषयीं सांगितलें आहे. हें वचन पिणाऱ्याच्या सोयीचें नव्हे. राजानें स्वतः त्यापासून दूर राहावें, असें त्याच्या अलीकडेच बजाविलें आहे. एकच वस्तु एकास वर्ज्य आणि दुसऱ्यास दया, असा भेद शास्त्र स्वतःच करितें.

परंतु प्रभूनें तो प्याला कां नाकारिला? आमच्या समजुतीप्रमाणें, तो त्याच्या एकट्याच्या कार्याचा भाग होता. जगाचें पाप वाहतांना त्यास पूर्ण शुद्धीवर राहावयाचें होतें. तें कार्य त्यानें एकदां आणि सर्वांसाठीं पुरें केलें. तें आपल्या दुखण्यानें पुन्हां पुरें करावयाचें उरलें नाहीं. जो असें म्हणतो कीं वेदना सोसून मला कांहीं प्रायश्चित्त भरावयाचें आहे, तो नकळत ख्रिस्ताच्या पूर्ण कार्यास अपुरें म्हणतो. शिवाय दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. यहूदी लोकांच्या जुन्या ग्रंथांत असें लिहिलें आहे कीं, यरुशलेमांतील थोर घरच्या स्त्रिया देहदंड होणाऱ्यांस असें पेय दयाबुद्धीनें देत असत. ज्यांनीं तो प्याला पुढें केला त्यांस प्रभूनें दोष दिल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं. आणि योहान १९ ह्या अध्यायांत आपण वाचतों कीं, शेवटीं तहान लागली असतां त्यानें ती बोलून दाखविली आणि दिलेली आंब घेतली. जो स्वतःच्या देहाची तहान लपवीत नाहीं, त्याच्या अनुयायांनीं दुखणें लपविण्यास धर्म म्हणूं नये.

येथेंच ह्या प्रश्नाचें मर्म आहे. प्रभूनें प्याला नाकारिला तो स्वतःसाठीं. दुसऱ्या कोणाचा प्याला त्यानें हिरावून घेतला नाहीं. आंधळे, पांगळे, कुष्ठी त्याच्याकडे आले, त्यांपैकीं एकासही त्यानें ‘तुझें दुखणें तुझ्या आत्म्यास हितकर आहे, तें राहूं दे’ असें सांगून परत पाठविलें नाहीं. पौलाच्या देहांत कांटा होता. तो निघावा म्हणून त्यानें तीन वेळां विनंति केली, आणि कृपा पुरे आहे असें उत्तर त्यास मिळालें. पण तें उत्तर पौलास प्रभूनें दिलें. करिंथ येथील एखाद्या वडिलानें नव्हे. सोसणें हें आपल्या देहाचें दान आहे. दुसऱ्याच्या देहाचें दान आपण देऊं शकत नाहीं.

आम्हीं एका खेड्यांत एक वृद्ध भगिनी पाहिली. तिच्या स्तनाचा रोग हाडांत उतरला होता. रुग्णालयांतून दिलेल्या गोळ्या घरांत फळीवर होत्या. परंतु आईची साक्ष डागळूं नये, शेजाऱ्यांनीं ‘ख्रिस्ती बाई अफू खाऊन मेली’ असें म्हणूं नये, म्हणून मुलगा त्या देत नव्हता. तो वाईट मुलगा नव्हता. रात्ररात्र तो तिचे पाय चेपीत बसे. आणि ती, त्याची लाज राखावी म्हणून, पदराचें टोंक दातांत धरून ओरडणें दाबीत असे. दोघेंही एकमेकांसाठीं सोशीत होतीं, आणि ज्यास तें सोसणें हवें होतें असा देव त्या घरांत कोठेंच नव्हता. गोळ्या सुरू झाल्यावर पहिले दोन दिवस ती बहुतेक झोंपूनच होती. तिसऱ्या दिवशीं तिनें चहा मागितला, आणि नातवास जवळ बोलावून त्याच्या डोक्यावर हात ठेविला. पुढें ती तीन आठवडे जगली. त्या तीन आठवड्यांत तिनें जी प्रार्थना केली ती आधींच्या तीन महिन्यांत तिला करितां आली नव्हती.

‘औषधानें शुद्धि जाते, मग मरतांना देवाचें नांव कसें घ्यावें?’ असें कोणी विचारितात. उत्तर हेंच कीं, तीव्र वेदनाही शुद्धि हिरावून घेते. जो मनुष्य वेदनेंत बुडाला आहे त्याच्या मनांत दुसऱ्या कोणास जागा नसते. मॉर्फिनाची मात्रा बेतानें वाढविली, तर पहिली गुंगी बहुधा थोड्या दिवसांत उतरते आणि रोगी बोलूं लागतो. तरीही एखाद्यानें स्वतः म्हटलें कीं, ‘माझी मुलें येणार आहेत, आज मला थोडें जागें राहूं द्या,’ तर त्याचें ऐकावें. तो त्याचा देह आहे, आणि तें त्याचें दान आहे. ‘हें औषध लवकर मारितें काय?’ असेंही विचारितात. योग्य मात्रेनें दिल्यास तें आयुष्य तोडीत नाहीं, असाच जाणत्या डॉक्टरांचा अनुभव आहे. मारण्यासाठीं देणें हें पाप होय. शमविण्यासाठीं देणें ही दया होय. देणाऱ्यानें आपला हेतु आणि आपली मात्रा, दोन्ही देवापुढें स्वच्छ ठेवावीं.

व्यसनाविषयींही भेद समजून घ्यावा. कांहीं आठवडे औषध घेतल्यावर देह त्याला सरावतो. तें एकदम बंद केलें तर त्रास होतो, म्हणून डॉक्टर तें हळूहळू कमी करितो. ह्यास व्यसन म्हणत नाहींत. औषधासाठीं खोटें बोलणें, घर विकणें, अपाय होतो हें दिसत असूनही त्याच्या मागें धांवणें, ह्यास व्यसन म्हणतात. कर्करोगाच्या वेदनेंत डॉक्टराच्या देखरेखीखालीं औषध घेणाऱ्यांपैकीं बहुतेकांचें असें होत नाहीं.

ह्या सर्वांत एक गोष्ट आम्हांस फार लागते. वैद्यकीय उपयोगासाठीं कायद्यानें अफूचा चीक काढून परदेशीं पाठविणारा जगांतील प्रमुख देश आपलाच आहे. सातपुड्यापलीकडे नीमच व मंदसोर ह्या जिल्ह्यांत सरकारी परवान्यानें खसखशीचीं शेतें पिकतात, आणि नीमच येथें अफूचा सरकारी कारखाना आहे. असें असून आमच्या खेड्यांतील रोगी मात्र तळमळत मरतात. १९८५ सालच्या अमली पदार्थांच्या कायद्यानें परवाने इतके कठीण झाले कीं रुग्णालयांनीं हें औषध ठेवणेंच सोडिलें, आणि पुढच्या बारा वर्षांत देशांतील त्याचा वैद्यकीय उपयोग नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. २०१४ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती झाली. आतां मान्यताप्राप्त रुग्णालयास अनेक परवाने लागत नाहींत, राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. कायदा सैल झाला, परंतु भीति अजून सैल झालेली नाहीं. ती डॉक्टरांत आहे, औषध विकणाऱ्यांत आहे, आणि आमच्या मंडळ्यांतही आहे. पहिल्या दोन ठिकाणची काढणें आमच्या हातीं नाहीं. तिसरी आहे.

सिसिली साँडर्स नांवाची एक विश्वासू ख्रिस्ती स्त्री इंग्लंडांत होऊन गेली. ती आधीं परिचारिका होती. वेदनेंत मरणाऱ्यांची सेवा नीट करितां यावी म्हणून पुढें डॉक्टर झाली, आणि १९६७ सालीं तिनें लंडन येथें सेंट क्रिस्तोफर ह्या नांवाचें आश्रयस्थान काढिलें. वेदना उसळल्यावर धांवाधांव करूं नये, घड्याळ पाहून नियमानें औषध द्यावें म्हणजे वेदना उसळतच नाहीं, हा धडा तिनें डॉक्टरांस दिला. तिनें आणखी असें दाखविलें कीं, मरणाऱ्याचें दुखणें चार ठिकाणीं असतें: देहांत, मनांत, घरादारांत आणि आत्म्यांत. मॉर्फिन पहिल्यास आवरितें. कर्ज कोण फेडील, मुलीचें लग्न कोण करील, देवानें मला क्षमा केली काय, ह्यांस त्याची गोळी नाहीं. तेथें मंडळीचें काम आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्यानें त्याच्याजवळ बसले तोंवर ते खरे मित्र होते. दुखण्याचें कारण सांगावयास लागले तेव्हां चुकले.

आपल्या राज्यांतही अशी सेवा आहे. मुंबईस बांद्रा येथें १९८६ सालीं शांति आवेदना सदन निघालें. पुण्यास १९९७ सालापासून सिप्ला कंपनीच्या प्रतिष्ठानाचें केंद्र आहे, तेथें शुश्रूषा विनामूल्य मिळते. आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयांत ह्या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. ह्या सेवेस पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत जाऊन उपदेशकांनीं ह्या नांवानें विचारपूस करावी.

औषध घरीं आलें तर उपदेशकानें घरच्यांस इतकें समजावून द्यावें. मात्रा व वेळ डॉक्टरानें लिहिल्याप्रमाणेंच ठेवावी. आपल्या मनानें वाढवूं नये, कमी करूं नये. शौच साफ होण्याचें औषध पहिल्या दिवसापासून द्यावें. बरोबर दारू किंवा झोंपेच्या इतर गोळ्या देऊं नयेत. रोगी हांक मारूनही जागा होत नसेल व श्वास फार मंद चालत असेल, तर ताबडतोब डॉक्टरास कळवावें. गोळ्या कुलुपांत ठेवाव्या. शेजाऱ्याची दाढ दुखते म्हणून त्यास एकही देऊं नये. रोगी गेल्यावर उरलेल्या रुग्णालयांत परत द्याव्या. आणि चोरून विकली जाणारी अफू कोणी कितीही दयेनें आणून दिली तरी घेऊं नये. तिची ताकद कोणास ठाऊक नसते, आणि ती विकणारा दुसऱ्याच्या मुलास बुडवून तुम्हांस देत असतो.

प्रिय बंधुभगिनींनो, अफूच्या अपकीर्तीचें भय धरून आमच्या वडिलांनीं आम्हांस व्यसनापासून राखिलें, ह्याबद्दल देवाचे आभार मानूं या. परंतु तेंच भय आजाऱ्याच्या खाटेपाशीं घेऊन जाऊं नये. ज्यास सोसण्याची कृपा मिळाली आहे त्यानें आपल्यापुरतें सोसावें, आणि त्याबद्दल गर्व करूं नये. ज्यानें आराम मागितला त्यास तो द्यावा, आणि त्याबद्दल त्याचा विश्वास उणा मानूं नये. शेवटच्या दिवशीं प्रभु आम्हांस विचारील तो प्रश्न मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत आधींच सांगून ठेविला आहे. त्यांत आम्हीं किती वेदना सोसली हें विचारलेलें नाहीं. जो आजारी होता त्याच्याकडे आम्ही गेलों कीं नाहीं, हें विचारलें आहे.